जुन्या धास्तीवरही इलाज आहे

नेहमी मी बियाणे आणि खताविषयी लिहितो. आज मनाच्या एका दुखण्याविषयी लिहितो.

हरभऱ्याची पाहणी करायला मी लोणारजवळच्या सुलतानपुरात गेलो होतो. तेथील एक काका साठी उलटलेले, कामाला वाघ. पण विहिरीकडे जात नाहीत. रात्री लाईट आली की मोटर सुरू करायला सून जाते. गावात कुणी हसते, कुणी भित्रा म्हणते. चहा घेताना काकांनीच सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी विहीर खोदताना दरड कोसळली आणि धाकटा भाऊ डोळ्यांदेखत गाडला गेला. आजही जेसीबीने मुरूम ओतला की त्यांना दरदरून घाम फुटतो, रात्री झोप लागत नाही. शेवटी म्हणाले, "साहेब, आता या वयात याचा काय इलाज होते?"

इलाज होतो, काका.

करंट लागलेला बैल पुढे कित्येक दिवस त्या खांबाजवळून जाताना बुजतो. त्याला आपण भित्रा म्हणत नाही. माणसाचेही तसेच आहे. मोठा आघात झाला की ती आठवण जुनी होत नाही. आज, आत्ता घडते आहे अशीच अंगावर येते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. किल्लारीचा भूकंप १९९३ साली झाला. तेव्हाची लहान मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. असा घाव वयाबरोबर आपोआप भरतोच असे नाही.

यावर डोळ्यांच्या हालचालीचा एक उपचार आहे. त्याला ई.एम.डी.आर. म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ साली त्याची सुरुवात केली. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर आपल्या देशातही आपद्ग्रस्तांसाठी तो वापरला गेला. मुंबईच्या मानसशास्त्रज्ञ सुषमा मेहरोत्रा यांनी तो पुढे वाढवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली मोठी माणसे आणि मुले या दोघांसाठीही त्याची शिफारस केली.

यात चाकू नाही, सुई नाही, गोळी नाही. तज्ज्ञ आधी सारी हकीकत विचारतात आणि मन शांत करण्याची रीत शिकवतात. मग त्या प्रसंगाचे चित्र मनात आणायला सांगून समोर बोटे डावीकडून उजवीकडे हलवतात. रुग्णाने मान स्थिर ठेवून नजरेने बोटांचा माग घ्यायचा. अर्ध्या मिनिटाने थांबून विचारतात, आता काय जाणवते? असे पुन्हा पुन्हा करतात. एक बैठक तास-दीड तासाची असते आणि अशा अनेक बैठका लागतात. आठवण पुसली जात नाही, तिचा डंख कमी होतो.

हे कसे घडते यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. एक मत असे की, मन एकाच वेळी दोन कामांत गुंतले की ते चित्र फिके पडते. आघातावर बोलून करायचे दुसरेही चांगले उपचार आहेत. कुणाला कोणता लागू पडेल, हे तज्ज्ञच ठरवतील.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. फवारणीचे औषध अंदाजाने मारू नये, तसा हा प्रयोग घरी करू नये. जुनी जखम उघडली आणि सांभाळणारा जवळ नसला, तर त्रास वाढतो. प्रशिक्षण घेतलेला माणूसच हवा. असे तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांत असतात. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावे, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

घरच्यांनीही हसू नये, "विसरून जा" असे म्हणू नये. माणूस बोलू लागला तर ऐकून घ्यावे.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग सून आतून म्हणाली, "मामंजी, सोमवारी बुलढाण्याले जाऊ. मी येतो संगं." काकांनी मान डोलावली.