नकाशाचा फेरफार

सातबाऱ्यावर चार भावांची नावं वेगवेगळी लागलेली असतात, चौघांची वहिवाट मधे बांध घालून वेगळी असते, पीककर्जही चौघं आपापलं काढतात. गावच्या नकाशात मात्र तो एकच गट असतो, आजोबांच्या वेळी होता तसा. वाटणीची नोंद तलाठ्याकडे फेरफाराने होते. भूमी अभिलेखाचा नकाशा बदलायचा तर पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा, फी भरा, चौघांनी मिळून भूकरमापकासमोर उभे राहा. भावाभावांत एवढं एकमत असतं तर वाटणीची वेळच कशाला आली असती? त्यामुळे कागद पुढे जातो आणि नकाशा मागे राहतो.

डिजिटल नकाशांचा विषय निघाला की बोलणं उपग्रह, ड्रोन आणि सेंटिमीटरच्या अचूकतेवर येतं. ती अचूकता खोटी नाही. पण महाराष्ट्रातल्या सरकारी नकाशांची गेल्या काही वर्षांतली वाटचाल पाहिली तर नकाशा काढताना फारसं कुणी अडलेलं दिसत नाही. अडतं ते काढलेला नकाशा चालता ठेवताना. सातबाऱ्याला फेरफार आहे, नकाशाला नाही, आणि ही उणीव जमिनीपासून विजेपर्यंत, पुरापासून डोंगरापर्यंत सगळीकडे भेटते.

जमिनीच्या नकाशांची सुरुवात इंग्रजांच्या महसुलापासून झाली. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली आकारणी फसली, गावं ओस पडू लागली. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी-आकारणी केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हायवेलगत प्लॉट विकणारा एजंट आजही गुंठ्यांत भाव सांगतो तो याच साखळीच्या हिशेबाने. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली सर्व्हे नंबरांचे गट झाले. एकत्रीकरणात जिथे चूक राहिली तिथे शेजाऱ्यांची भांडणं तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली.

हे जुने नकाशे आता स्कॅन झाले आहेत, महाभूनकाशावर गट नंबर टाकला की शेताचा आकार समोर येतो. खरी परीक्षा मात्र मोजणीच्या दिवशी बांधावर होते. लगतधारक नोटीस खिशात घालून आलेले असतात. पूर्वी फलक मांडायचा, साखळी ओढायची, त्यात दिवस जायचा. आता भूकरमापकाच्या हातात काठीवर बसवलेला रोव्हर असतो. उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या या यंत्राला जवळच्या कॉर्स (कायम चालू संदर्भ) केंद्राकडून दुरुस्ती मिळते आणि थोड्याच वेळात काही सेंटिमीटरच्या फरकाने बिंदू हाती येतो. रोव्हर तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहात ते सांगतो. तुमची हद्द कुठे आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ती जुन्या मोजणीच्या टिपणात आणि फाळणीच्या नकाशात असते, आणि त्या कागदाला घड्या पडलेल्या असतात, तो दमट हवेत आकसलेला-फुगलेला असतो. स्कॅन केल्याने घडी जात नाही, तिचंही स्कॅन होतं. म्हणून जाणता भूकरमापक आधी तीन शेतं पलीकडचा जुना दगड शोधतो, ओढ्याचं वळण ताडून पाहतो, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथपर्यंत चालत जातो आणि मगच खुणा करतो. यंत्राने वाचवलेला वेळ तो या पायपिटीत घालवतो, आणि तसा घालवलाच पाहिजे. तसं न करता हाती आलेली मोजणी नकाशाची ‘क’ प्रत सुबक असते, एवढंच.

गावठाणाचं दुखणं वेगळं. शेतं मोजली गेली, पण लहान गावांची घरं कुणी मोजलीच नव्हती. ग्रामपंचायतीचा कर भरल्याची पावती हाच मालकीचा पुरावा, आणि बँक तो मानत नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्राने केंद्राची स्वामित्व योजना येण्याआधीच केला होता. २४ एप्रिल २०२० ला ती योजना देशभरासाठी जाहीर झाली. तिची रीत साधी आहे. घरमालकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची फक्की मारायची, ड्रोनने वरून फोटो काढायचे, फोटोत पांढरी रेघ दिसते तिथे नकाशात रेघ ओढायची. मला या योजनेतलं सर्वांत मोलाचं काम चुन्याचं वाटतं. ड्रोन यायच्या आत दोन शेजाऱ्यांना मधल्या बोळाचा मालक कोण, हे ठरवावंच लागतं. वाद मिटला नाही तर तो चौकशीत जातो, पण निदान कागदावर येतो. आता प्रश्न पुढचा. ज्या घराला आज मालमत्ता पत्रक मिळालं त्याचे पाच वर्षांनी दोन भाग झाले, पडवीची खोली झाली, तर ती रेघ कोण बदलणार? दर वेळी ड्रोन येणार नाही.

विजेकडे वळू. केंद्राच्या २००८ च्या आर-एपीडीआरपी योजनेपासून वीज कंपन्यांनी ग्राहक नकाशावर आणायचं काम हाती घेतलं. कुठला मीटर कुठल्या डीपीवर (रोहित्रावर), कुठली डीपी कुठल्या फीडरवर, ही साखळी पक्की झाली की डीपीवरून गेलेली युनिट आणि बिलात आलेली युनिट यांची वजाबाकी करता येते आणि गळती कुठे आहे ते कळतं. पण ऐन रब्बीत डीपी जळते. गावकऱ्यांचा तगादा लागतो, वायरमन रात्रीतून चार खांबांचा भार शेजारच्या डीपीवर टाकतो, पाणी चालू होतं. नकाशावर मात्र ते ग्राहक जुन्याच डीपीवर राहतात. मग महिन्याच्या हिशेबात एका डीपीवर प्रचंड वीजचोरी दिसते आणि दुसरीवर दिलेल्या विजेपेक्षा बिलच जास्त निघतं. चोर कुणीच नसतो. वायरमनच्या डोक्यातला नकाशा बरोबर असतो आणि कंपनीचा चुकीचा, आणि बदली झाली की बरोबर नकाशा वायरमनबरोबर निघून जातो.

मुंबईच्या पाण्याचंही हेच. तानसाचं पाणी शहरात १८९२ पासून येतं. त्यानंतर एकावर एक किती नळ टाकले गेले, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला, हे जुन्या चावीवाल्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असतं. जमिनीखालच्या या गोंधळावर केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, ज्यांची केबल किंवा नळ तिथे असेल त्यांनी उत्तर द्यायचं. कल्पना चांगली आहे. पण नळ नेमका कुठे आहे हे मालक खात्यालाच नीट ठाऊक नसेल, तर त्याचं उत्तरही अंदाजाचंच येणार.

भूजलाबाबत राज्याचं काम जुनं आणि शहाणपणाचं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने तालुक्याच्या सीमा बाजूला ठेवून राज्य १,५३१ पाणलोट क्षेत्रांत मांडलं आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजत ठेवली. ठरलेल्या महिन्यात विहिरीत दोर सोडणारा माणूस आहे, म्हणून तो नकाशा जिवंत आहे. जलयुक्त शिवार योजनेत कामांचे फोटो अक्षांश-रेखांशासह चढवले गेले. त्यातून बंधारा झाल्याचं कळतं, त्यात पाणी टिकल्याचं कळत नाही.

पुराच्या नकाशाला नदीकाठचे लोक आपल्या पद्धतीने फेरफार करतात. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोक्याची. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. सूर्यवंशी प्लॉटमधला किंवा सुतारवाड्यातला माणूस टीव्हीवर पावसाचे मिलिमीटर ऐकत नाही, फूट विचारतो. किती फुटाला गल्लीच्या तोंडाशी, किती फुटाला पायरीवर, हे त्याला पाठ असतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशात दोन रेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या नदीच्या छेदावरून काढतात, आणि छेद बदलला की रेषा शिळी होते. पुलाच्या दोन्ही अंगांना महामार्गाचा भराव पडतो, काठावर मुरूम टाकून प्लॉट पाडले जातात, आणि २०१९ च्या महापुरात पाणी अशा घरांत शिरतं जिथल्या म्हाताऱ्यांनीही ते कधी पाहिलं नव्हतं. भरावाऐवजी कमानी बांधा ही कोल्हापूरजवळच्या शिरोलीकडच्या लोकांची मागणी मला कुठल्याही संगणकी प्रारूपाइतकीच शास्त्रीय वाटते.

मुंबईने २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेलला आणि तेव्हा कुठे मिठी ही नदी असल्याचं शहराच्या लक्षात आलं. कारणं शोधायला चितळे समिती बसली, पर्जन्यमापकं वाढली, आणि जून २०२० मध्ये पूर्वसूचना देणारी आयफ्लोज प्रणाली सुरू झाली. पाऊस, भरती, जमिनीचा उतार आणि नाले एकत्र मांडून कुठल्या वॉर्डात किती पाणी साचेल ते ती सांगते. नाल्याचं माप कागदावरचं आणि नाला गाळाने अर्धा भरलेला, तर सूचनाही अर्धीच.

सह्याद्रीत मात्र उलटा कारभार आहे. तिथे डोंगर जागच्या जागी राहतो आणि नकाशा बदलत जातो. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये सगळा पश्चिम घाट साधारण नऊ किलोमीटरच्या चौकटींत मांडून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या केल्या आणि अंतिम रेषा ग्रामसभांशी बोलून ठरवा असं सुचवलं. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून सुमारे ३७ टक्के घाट संवेदनशील ठरवला आणि गाव हे एकक धरलं. अमुक गाव आत, शेजारचं बाहेर. गावांची यादी आली की ती लहान करण्याची खटपटही आली. २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. ३१ जुलै २०२४ चा सहावा मसुदा ५६,८२५ चौरस किलोमीटरचा, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. तो निघाला त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर कोसळला होता, आणि पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं त्यालाही त्याच दिवशी दहा वर्षं झाली होती. इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड आली तेव्हा दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. उतार, खडक, माती आणि पाऊस यांचा नकाशा हाताशी असताना गावांची यादी करून निजायची सवय आपल्याला महागात पडते.

तारखेनिशी फेरफार आपोआप होतो तो एकाच ठिकाणी, उपग्रहाच्या चित्रांत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीला मनाई केली, त्यानंतर नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने मुंबई-नवी मुंबईतल्या तिवरांचे नकाशे केले. पण खाजणात रात्री डंपर रिकामे होतात आणि सकाळी सांगितलं जातं की इथे कधी झाड नव्हतंच. अशा वेळी वादाचा निकाल आजच्या नकाशावर लागत नाही, जुन्या चित्रांवर लागतो. हे काम करायला सरकारी खातंच हवं असंही नाही. गूगल अर्थमध्ये तारीख मागे सरकवायची सोय आहे, आणि त्या जागेची गेल्या वीसेक वर्षांतली चित्रं एकामागून एक पाहता येतात. कोळीवाड्यातला कॉलेजात जाणारा मुलगाही ती काढून तक्रारीला जोडू शकतो.