गावकुत्र्यांतील डिस्टेंपर विषाणूचा माग

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातमधील गीर अरण्याच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांतच २० हून अधिक सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर विषाणू आढळला. त्याच्या जोडीला गोचिडांवाटे पसरणारा बाबेसिया हा रक्तातील परजीवीही होता. टांझानियातील सेरेंगेटीत १९९४ साली सुमारे एक तृतीयांश सिंह मेले, तेव्हाही हीच जोडगोळी कारणीभूत असल्याचे पुढे संशोधनातून दिसून आले. गोचीड आठ पायांची, म्हणजे काटेकोरपणे पाहता कीटक नव्हे. तरीही माझ्यासारख्या कीटकशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष या विषयाकडे वळले ते तिच्यामुळेच.

गीरमध्ये विषाणू नेमका कोठून आला, हा वादाचा मुद्दा आहे. परंतु त्याचा नित्याचा आश्रयदाता कुत्रा होय. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. डिस्टेंपर मुख्यतः खोकला, शिंका आणि नाकाडोळ्यांतील स्राव यांवाटे पसरतो. उन्हात तो फार काळ टिकत नाही. त्याला सतत नवे, रोगप्रतिकारशक्ती नसलेले पिलू लागते. गावात पिलांची वेत एकामागून एक येत राहतात, म्हणून तोही टिकून राहतो.

त्याचा शोध दोन प्रकारे घेता येतो. नाक व डोळ्यांतील स्वॅबच्या आरटी-पीसीआर चाचणीने विषाणू आज आहे काय ते कळते. रक्तातील प्रतिपिंडांवरून तो पूर्वी येऊन गेला काय ते कळते. शहरातील लसवंत कुत्र्यात प्रतिपिंडे आढळली तर ती लसीची की रोगाची, हे सांगणे कठीण असते. नुकत्याच दिलेल्या जिवंत लसीमुळे आरटी-पीसीआरही फसू शकते. गावकुत्र्याला मात्र बहुधा ही लस मिळालेलीच नसते, त्यामुळे त्याचे रक्त अधिक स्पष्ट साक्ष देते. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातील अभ्यासात बहुसंख्य गावकुत्र्यांत डिस्टेंपरची प्रतिपिंडे आढळली आणि तेथील खोकडांनाही हा संसर्ग होऊन गेल्याचे दिसले.

प्रतिपिंडांचे प्रमाण मोठे असले म्हणजे आज साथ आहे असे नव्हे. एकदाच झाडाखाली उभे राहून किडीची संख्या ठरवत नाहीत; कामगंध सापळ्यातील पतंग आठवड्यागणिक मोजले तरच चढउतार उमगतो. येथेही तसेच. गावात एरवी किती कुत्री व किती पिले असतात, त्यांपैकी किती खोकतात, किती मरतात, याची नोंद आधीपासून असेल तरच वाढ ध्यानात येते. हे काम प्रयोगशाळेचे नाही. रोज शिवारात फिरणारा विस्तार कार्यकर्ता किंवा शेतकरी ते करू शकतो.

नाकाडोळ्यांतून चिकट स्राव, खोकला, हगवण, पुढे स्नायूंचे झटके आणि पंजाच्या गाद्या कडक होणे, ही लक्षणे एकाच आठवड्यात दोन-तीन कुत्र्यांत दिसल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जंगलालगतच्या गावांनी वन विभागासही सांगावे. मेलेले कुत्रे पुरण्यापूर्वी कळवल्यास शवविच्छेदनाची संधी राहते. स्वॅब पशुवैद्यकानेच घ्यावा व तो बर्फात ठेवून पाठवावा, कारण उष्णतेने विषाणूचा आरएनए लवकर विघटित होतो. झटके येणाऱ्या वा बिथरलेल्या कुत्र्याला कोणीही हात लावू नये. बाहेरून पाहता रेबीजही असाच दिसू शकतो.