उजनीत फक्त तीन लिटर

पळसदेवच्या माणसाला टीएमसी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. जुने गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले, पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर वर येते, आणि धरण ‘मायनस’मध्ये गेले की चहाच्या टपरीवर टक्क्यांचा हिशेब सुरू होतो. उजनीची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. लिटरमध्ये लिहायची तर सुमारे ३ लाख ३१ हजार कोटी. आकडा मुद्दाम घेतला आहे, कारण स्टोरेज सर्व्हरच्या नेटवर्क कार्डातून काय वाहते ते सांगायला याहून चांगले माप मला सापडत नाही.

एका लिटरला एक बिट धरा. १० गिगाबिटांचे कार्ड सेकंदाला १००० कोटी बिट पाठवते, म्हणजे तुडुंब उजनी साडेपाच मिनिटांत रिकामी. १०० गिगाबिटांच्या कार्डाला त्यासाठी ३३ सेकंद पुरतात.

एवढा डेटा येतो कुठून, याचे उत्तर पळसदेवच्याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. सगळ्यांचे सिग्नल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतात. प्रत्येक तबकडीचे दोन, असे ६० सिग्नल. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा पकडायचा तर प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. नमुन्यामागे ८ बिट धरले तर सेकंदाला ३८४ गिगाबिट होतात. उजनी नऊ सेकंदांच्या आत संपते! बारा तासांच्या निरीक्षणाचा असा कच्चा डेटा २००० टेराबाइटच्या वर जाईल. म्हणून तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे गुणाकार तिथल्या तिथे केले जातात आणि आटवलेला डेटा डिस्कवर जातो.

आता बिघाडाकडे येऊ. १० गिगाबिटांच्या इथरनेटचा नियम असा की एक लाख कोटी बिटांत फार तर एक चुकावा. अख्ख्या उजनीत तीन लिटर गढूळ, बाकी सगळे स्वच्छ. पण वेगच इतका की याच नियमाने दर १०० सेकंदांना एक चूक होऊ शकते. चुकलेला बिट एकटा जात नाही, त्याच्यासोबत सगळे पॅकेट फेकले जाते. मग पॅकेटे पोचवण्याची जबाबदारी असलेल्या टीसीपी या प्रोटोकॉलला वाटते वाटेत गर्दी झाली, आणि तो वेग कमी करतो. दोन टोकांमधली जा-ये १० मिलिसेकंदांची असेल आणि १० हजारांत एक पॅकेट हरवत असेल, तर जुन्या टीसीपीच्या सूत्रानुसार एका जोडणीचा वेग १५० मेगाबिटांच्याही खाली येतो. कार्ड १० गिगाबिटांचे, दिवा हिरवा आणि हातात दीड टक्का. ‘नेट स्लो आहे’ म्हणणाऱ्या माणसाचे खोटे नसते.

२५ आणि १०० गिगाबिटांच्या घरात तर हिशेबच बदलतो. तिथल्या काही जोडण्यांत २० हजार बिटांमागे एक चुकला तरी चालतो. आपल्या मापाने एका उजनीत साडेसोळा कोटी लिटर गढूळ! एफईसी नावाची दुरुस्ती व्यवस्था ते सगळे वाटेतच निवळते. मात्र ती दोन्ही टोकांना सारखी लावलेली हवी. सर्व्हरवर चालू आणि स्विचवर बंद असेल, तर लिंक उभीच राहत नाही, आणि नवी केबल घालूनही काही होत नाही.

कार्ड ज्यात बसते त्या स्लॉटचेही तसेच. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा, पण आत कधीकधी आठच जोडलेल्या असतात. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या आठ लेन म्हणजे ६३ गिगाबिट. चारच असतील तर साडेएकतीस. कार्ड बाहेर १०० सांगत राहते, आत तेवढी वाटच नसते. एमटीयू, म्हणजे पॅकेटाचा कमाल आकार, जुळला नाही तर आणखी चकवा बसतो. पिंग व्यवस्थित जाते, मोठी फाइल टाकली की सगळे गोठते, कारण ९००० बाइटची पॅकेटे वाटेतल्या एखाद्या १५०० च्या पोर्टावर मरतात.

या सगळ्यांत मला सर्वाधिक थक्क करते ते फायबरचे टोक. सिंगल मोड फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, एका मिलिमीटरमध्ये शंभराहून अधिक बसतील इतका. दहा किलोमीटर जाणाऱ्या १० गिगाबिटांच्या लिंकमध्ये प्रकाश अगदी मंद झाला, तरी रिसीव्हरपाशी एका बिटामागे सुमारे २५ हजार फोटॉन पोचतात. त्या गाभ्यावर धुळीचा कण बसला, तर त्यातले बरेचसे तिथेच अडतात. टोपण काढून ठेवलेली पॅच कॉर्ड, बोट लागलेले टोक, रस्त्याकडेच्या खोलीची उघडी खिडकी, एवढे पुरते.

म्हणून क्रम सरळ ठेवावा. सर्व्हरवर इथटूल ही कमांड चालवून सीआरसी एररचा, म्हणजे बिघडून आलेल्या पॅकेटांचा, आकडा कागदावर लिहा. पूर्ण भार टाका, १०० सेकंद थांबा, परत वाचा. १० गिगाबिटांच्या लिंकवर एकाने वाढला तर तो नियमात बसतो, आणि चांगल्या लिंकवर तोही वाढत नाही. चाळीसने वाढला तर आधी दोन्ही टोके फायबरच्या क्लीनरने पुसा, मग फायबर ज्यात बसते त्या मॉड्यूलवर येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये पाहा, मग केबल बदला. आकडा शून्यावर असून वेग मिळत नसेल, तर स्लॉटच्या लेन आणि एमटीयू तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तोच आकडा पुन्हा लिहून ठेवा. नव्या कार्डाची ऑर्डर त्यानंतर द्या.