आभासी गावांचा कारभारी कोण?

संगणकाच्या पडद्यावर आपल्या वतीने वावरणाऱ्या आकृतीला 'अवतार' म्हणण्याचा प्रघात आता जगभर रूढ आहे. पुराणांतील हा शब्द ऑनलाइन जगात रुजविण्याचे श्रेय अमेरिकेतील 'हॅबिटॅट' या आभासी गावाला दिले जाते. 'लुकासफिल्म गेम्स'चे चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी 'क्वांटम लिंक' या सेवेसाठी उभारलेले हे गाव १९८६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले. घरचा 'कमोडोर ६४' संगणक, मोडेम आणि दूरध्वनीची तार एवढ्या भांडवलावर माणसे तेथे राहावयास गेली आणि पाठोपाठ गावगाड्याचे सारे प्रश्नही तेथे पोहोचले.

दूरस्थ माणसांनी संगणकावर एकत्र येण्याची सुरुवात त्याही आधीची. इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' यंत्रणेवर १९७३ मध्ये 'टॉकोमॅटिक' हा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. समोरचा टंकित असलेले प्रत्येक अक्षर त्यात तत्क्षणी दिसत असे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये 'मड' हे केवळ शब्दांनी उभे राहणारे जग रचले. रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे विस्तारले. फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली 'आयआरसी' ही गप्पांची प्रणाली निर्माण केली.

'हॅबिटॅट'मध्ये नाणी होती, दुकाने होती आणि शस्त्रेही होती. एका यंत्रात ७५ नाण्यांना मिळणारी बाहुली दुसऱ्या यंत्रात १०० नाण्यांना विकता येते, हे काही चाणाक्ष रहिवाशांच्या ध्यानात आले आणि एका रात्रीत गावातील एकूण पैसा पाचपट झाला. चोऱ्या आणि 'खून' वाढले, तेव्हा हा खेळाचाच भाग की गुन्हा, यावर वाद पेटला. एका रहिवाशाने तर अहिंसेचे व्रत घेणारा पंथच स्थापन केला. पुढे रहिवाशांनी मतदानाने गावाचा शेरीफ निवडला.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे 'लॅम्ब्डामू'ने दाखवून दिले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी हे शब्दमय जग चालविले होते. तेथील तांत्रिक चालकांना 'जादूगार' म्हणत. रहिवाशांच्या आपसांतील भांडणांत जादूगार यापुढे पडणार नाहीत, असे कर्टिस यांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केले. काही महिन्यांतच, १९९३ मध्ये, 'मिस्टर बंगल' हे नाव धारण करणाऱ्या सदस्याने भरल्या दिवाणखान्यात इतरांच्या पात्रांवर, त्यांच्या इच्छेविरुद्ध, लैंगिक अत्याचार होत असल्याची वर्णने पडद्यावर उमटविली. इजा कोणाच्याही देहाला झाली नव्हती. परंतु आघात झालेली माणसे खरी होती.

रहिवाशांची सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय मात्र झाला नाही. अखेर एका जादूगाराने स्वतःच्या अधिकारात त्या सदस्याचे खाते नष्ट केले. शिक्षा झाली, पण ती एकाच्या मर्जीने. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये हे प्रकरण मांडले आणि ते सर्वत्र चर्चिले गेले. मात्र १९९६ मध्ये जादूगारांनी सामाजिक निर्णयांचे अधिकार पुन्हा आपल्याकडे घेतले.

'लॅम्ब्डामू'च्या रहिवाशांना निदान मताचा अधिकार काही काळ मिळाला होता. आजच्या अवाढव्य समाजमाध्यमांवर कोणाचे खाते राहावे आणि कोणाचे जावे, याची नियमावली बहुधा कंपन्याच ठरवितात. तेथे वावरणाऱ्या कोट्यवधी माणसांना मात्र ती केवळ मान्य करावी लागते.