मागच्या पिकाचे औषध पुढच्या पिकाला भोवते

आमचा धंदा कापडाचा. मग तणनाशकाची चर्चा आम्ही का करावी, असे वाचक बंधूंना वाटेल. पण मालेगाव, येवला, मनमाडकडची बाजारपेठ कांद्याच्या पैशावर हलते. कांदा गेला की दुकानदाराची उधारी थकते. शिवाय आपल्यातील जे बांधव जमीन खंडाने किंवा वाट्याने घेतात, त्यांचे तर भांडवलच मातीत असते.

खरिपात मका आणि रब्बीत कांदा हा या भागातील नेहमीचा फेर आहे. मक्यातील तणासाठी अ‍ॅट्राझीन वापरतात. ५० टक्के पावडरीचे शिफारशीचे प्रमाण हेक्टरी १ ते २ किलो आहे. मका हे औषध आपल्या अंगात निकामी करतो. कांदा, गहू, हरभरा, मोहरी यांना ते साधत नाही.

जमिनीत हे औषध निम्मे व्हायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे चार महिन्यांनी चौथा हिस्सा उरतो. पाऊस कमी पडला तर त्याचे विघटन करणारे जीवाणू मंदावतात. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते आणखी टिकते. पंप वळवताना शेताच्या टोकाला दुहेरी फवारा बसतो, तेथे धोका अधिक. हे औषध भूजलात उतरते म्हणून युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याला परवानगी नाकारली.

यातून भांडण होते ते बियाणे विकणाऱ्याशी. परंतु खराब बी मुळात नीट उगवतच नाही. अ‍ॅट्राझीनच्या जमिनीत बी चांगले उगवते. बियातील शिदोरी संपली की खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग रोप जळते. हा फरक न पाहता दुकानदारावर आळ घेणे बरे नव्हे.

शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. शेतातील चार-पाच ठिकाणची वरची वीतभर माती एकत्र करून कुंड्यांत भरावी. दुसऱ्या कुंड्यांत फवारणी न झालेली, त्याच जातीची माती घ्यावी. दोन्हींत काकडी किंवा मोहरी पेरून ऊन-पाणी सारखे द्यावे व तीन आठवडे पाहावे. शेतातल्या मातीतच रोपे पिवळी पडली तर कांदा लावू नये. त्या जमिनीत पुन्हा मका किंवा ज्वारी घ्यावी आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

जमीन घेणाऱ्याने मागच्या दोन हंगामांत कोणते औषध, किती व केव्हा मारले हे विचारून करारात लिहून घ्यावे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनमध्ये (२:२८२) आहे. देणाऱ्यानेही काही लपवू नये. मालाचा ऐब सांगून सौदा करणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. कापडाच्या ताग्यातील डाग गिऱ्हाइकाला दाखवावा लागतो, तसाच मातीतला डागही दाखवला पाहिजे. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी उलट वाढते.