सुईचा तिरपेपणा

ध्वनिमुद्रिका कोरणारी टांकी त्रिज्येवरून सरळ आंत सरकते. घरच्या यंत्राचा दांडा मात्र खुंटीभोंवतीं कंसांत फिरतो. त्यामुळें सुई खांचेशीं तिरपी होते. आंतील वेढे लहान; तेवढाच तिरपेपणा तेथें अधिक बाधतो आणि गवयाची शेवटची तान खरखरते. दोष बिचाऱ्या गवयाच्या माथीं बसतो!

१९२४ सालीं इंग्लंडांत पर्सी विल्सन यांनीं याचें गणित मांडलें. दांड्याचें डोकें आंत वळवावें, सुईचें टोंक मधल्या खिळ्याच्या किंचित् पलीकडे जावें. आजच्या नऊ इंची दांड्यास हें वळण सुमारें २३ अंश व पुढावा १७-१८ मिलिमीटर असतो. मग दोन ठिकाणीं कोन अचूक साधतो. इतरत्र चूक सुमारें दोन अंशांत राहते. मात्र या वळणामुळेंच सुई मध्याकडे ओढली जाते. तिला आवरण्यास उलट ताण द्यावा लागतो.