पाकळीचा ल

काकीच्या संगणकावर, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात वर, एक छोटा उंदीर असतो. एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपचं ते बोधचिन्ह. त्यावर दाबलं की मेनू उघडतो, पण काकीच्या तोंडी मेनू हा शब्द नाही. "आधी उंदरावर दाब, मगे हिशेब उघड," असं ती शेजारच्या मुलीला शिकवताना मी ऐकलंय. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा तिने विचारलं होतं, "ह्यो गणपतीचोच मां रे?" मी होय म्हटलं होतं, आणि तेव्हापासून तिचं त्या यंत्राशी जमलं.

काकी उन्हाळ्यात कोकमाचं आगळ आणि सोलं करते. चतुर्थीला आमच्या गावी, वालावलला, आलेले चाकरमानी मुंबईला परतताना बाटल्या घेऊन जातात. त्यांचा हिशेब याच संगणकावर असतो. यंत्र 2009 सालचं आहे, त्यात 2 जीबी रॅम. जानेवारी 2020 मध्ये विंडोज 7 च्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या तेव्हा "ह्यो आता भंगारात घालूचो काय?" असा प्रश्न घरात उभा राहिला होता. मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, डेबियन लिनक्स घातलं, वर एक्सएफसीई. संगणक चालायला लागला तो आजतागायत.

2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि डेबियनची तेरावी आवृत्ती 9 ऑगस्टला आली होती. काकीच्या संगणकावरच्या बाराव्या आवृत्तीला पुढच्या जूनपर्यंत नियमित दुरुस्त्या मिळणार होत्या, म्हणजे तशी घाई नव्हती. पण मी घरी येतो चतुर्थीला. शिमग्याला रजा मिळेलच असं नसतं. समोर बसून करायचं काम फोनवरून सांगून होत नाही, हे मला अनुभवाने कळलंय. काकीची अट एकच होती. "माका परवा चाळीस लेबलां काढूची आसत. आणि माझ्या वस्तू थंयच ठेव."

कोकणात संगणकाचं काम खोक्यापासूनच सुरू करावं लागतं. झाकण काढलं तर मागच्या जाळीला कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. पंख्याच्या पात्यांवर पावसाळी दमटपणाने घट्ट झालेली धूळ. ती फुंकरीने जात नाही, रंगाच्या कोरड्या ब्रशने खरवडावी लागते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासले. सगळे दुरुस्तीवाले हेच करतात आणि पावसाळ्यानंतर बंद पडलेली कितीतरी यंत्रं एवढ्यावरच उठतात. मदरबोर्डावरचा बटणासारखा गोल सेल मेला होता. त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही: सेल मेला की घड्याळ मागे जातं, आणि तारीख मागची असली की डेबियन नवी पॅकेजेस घ्यायचंच नाकारतं, कारण यादीवरची तारीख त्याच्या लेखी अजून उजाडलेलीच नसते. कुडाळच्या बाजारातून नवा सेल आणला तेव्हा कुठे पुढचं सुरू झालं.

आमच्या घरात फोनला रेंज मिळते ती एका खिडकीत. फोन खिडकीच्या गजाला बांधला, केबलने संगणकाला जोडला आणि रात्रभर फक्त उतरवून घेण्याचं काम लावलं. उतरवणं वेगळं आणि बसवणं वेगळं, हे मी मुद्दाम करतो. उतरवताना वीज गेली तर काही बिघडत नाही, राहिलेलं पुन्हा येतं. बसवताना गेली तर अर्धी भिंत पाडून गवंडी निघून गेल्यासारखी अवस्था होते.

सकाळी आरती झाल्यावर बसवायला घेतलं. काळ्या पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि मधेच थांबून यंत्र विचारत होतं: या फाइलमध्ये तुम्हीही बदल केलाय आणि आम्हीही, तुमची ठेवू की आमची घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर जुनी, तुमची, तशीच राहते. काकीला पासवर्ड टाकावा लागू नये म्हणून मी लॉगिनच्या फाइलमध्ये केलेला बदल असाच वाचला. ही रीत मला फार मोलाची वाटते. घरात येऊन दुरुस्ती करणाऱ्याने कपाटाला हात लावण्याआधी विचारावं, तसं आहे हे.

साडेअकराच्या सुमारास "करंट गेलो," असं पडवीतून कुणीतरी ओरडलं. जुना यूपीएस सात मिनिटं ओरडत राहिला आणि पडदा काळा झाला. ती पाऊण तासाची शांतता मी विसरणार नाही. बाहेर भजनाची मंडळी टाळ वाजवत होती आणि मी त्या बंद खोक्यासमोर बसून होतो. वीज आल्यावर संगणक जुन्या कर्नलवर, म्हणजे यंत्रणेच्या जुन्या गाभ्यावर, उठला, कारण नवा कर्नल बसवताना डेबियन जुना लगेच काढत नाही. चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. तिथे पॅकेजेस बसवणाऱ्या डीपीकेजीला सांगितलं की अर्धवट राहिलेलं सगळं पुरं कर, मग ती आणून देणाऱ्या ॲप्टला सांगितलं की तुटलेले धागे जोड. एकेक पॅकेज ओळीने पुढे सरकलं. दुपारी जेवायला उठलो तेव्हा काम संपलं होतं.

एक गोष्ट मात्र हाताने बदलली. तेराव्या आवृत्तीपासून तात्पुरत्या फाइलींची जागा डिस्कऐवजी रॅममध्ये धरली जाते, आणि ती निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकते. भरपूर रॅम असेल तर ही सोय चांगली. 2 जीबीत ती परवडत नाही. ती बंद करून जागा पुन्हा डिस्कवर नेली.

काकी येऊन बसली. उंदीर जागेवर. हिशेबाची फाइल जागेवर. खालची पट्टी, घड्याळ, कचऱ्याचा डबा, सगळं जिथल्या तिथे. "काय्येक बदलूक नाय मां?" तिने विचारलं. खरं तर खाली जवळजवळ सगळंच बदललं होतं: कर्नल 6.12 झाला होता, एक्सएफसीई 4.18 वरून 4.20 वर गेलं होतं, आणि त्याचे बरेचसे भाग आता वेलँडवर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवण्याच्या नव्या पद्धतीवर, चालायची तयारी करत आहेत.

कोकणात पावसाआधी घर शाकारतात. कौलं उतरवायची, किडका वासा काढून नवा घालायचा आणि तीच कौलं पुन्हा चढवायची. खालून बघणाऱ्याला घर तेच दिसतं. ओलिव्हिए फुर्दाँ यांनी 1996 मध्ये सुरू केलेला हा डेस्कटॉप असाच शाकारत आला आहे. 2015 च्या फेब्रुवारीत 4.12 आलं आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये 4.14. मधली साडेचार वर्षं पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणं ज्या पायावर उभी असतात तो पाया बदलण्यात, जीटीके 2 वरून 3 वर नेण्यात, गेली. वापरणाऱ्याला दिसण्यासारखं त्यात थोडंच होतं. मला हे काम चकचकीत नव्या रूपापेक्षा अवघड वाटतं, कारण त्याची पावती कुणी देत नाही. चार वर्षं खपून काकीने "काय्येक बदलूक नाय मां?" म्हणावं, यासाठी ते केलेलं असतं.

हलकेपणाची हद्दही सांगायला हवी. नुसता डेस्कटॉप चालू असताना काकीच्या संगणकावर साडेपाचशे-सहाशे एमबी रॅम लागते. ब्राउझर उघडून तीन पानं लावली की उरलेलीही संपते. डेस्कटॉप कितीही काटकसरीने बांधला तरी वेबची पानं जड होत गेली आहेत. आणि ज्यांचा प्रोसेसर 32 बिटचा आहे त्यांना तेराव्या आवृत्तीत इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. ती यंत्रं बाराव्यावरच थांबली. काकीचा प्रोसेसर 64 बिटचा, म्हणून निभावलं.

मग लेबलं. आतापर्यंत काकी ती हाताने लिहायची. छापायची ही पहिलीच वेळ. 'शुद्ध कोकम आगळ, वालावल' एवढंच लिहायचं होतं. पहिला कागद निघाला. तिने तो आणि मागच्या वर्षीची हाताने लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवली आणि म्हणाली, "ह्यो ल माझो न्हय."

खरंच नव्हता. कागदावरच्या ल ला उजवीकडे पूर्ण दंड होता, हिंदी वळणाचा. काकीचा ल दंडाशिवाय, देठाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या असलेला. राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या वर्णमालेसंबंधीच्या निर्णयातही मराठीचा म्हणून हाच पाकळीचा ल आहे. गावाच्या नावात तो दोनदा येतो.

युनिकोडमध्ये ल एकच आहे. कोणत्या वळणाचा काढायचा ते फाँट ठरवतो, मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे त्याला कुणी सांगितलं तर. नोतो सान्स देवनागरीत दोन्ही वळणं आहेत. काकीला मेनू इंग्रजीतच सवयीचे, त्यामुळे संगणकाची भाषा भारतीय इंग्रजी ठेवलेली. अशा वेळी देवनागरी दिसली की अक्षरं जुळवणारी पँगो ही लायब्ररी ती हिंदी धरते. लिबरऑफिसमध्ये लेबलाचा मजकूर निवडून त्याची भाषा मराठी केली. डेस्कटॉपसाठी पँगो लँग्वेज या नावाच्या सेटिंगमध्ये इंग्रजीनंतर मराठी लिहिली. बाहेर पडून पुन्हा आत आलो, तर डेस्कटॉपवरच्या 'वालावल 2025' या फोल्डरच्या नावात दोन्ही ल उमलले होते.

पुन्हा कागद काढला. काकीने चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. ल वर बोट ठेवलं, मग बोट 'शुद्ध'कडे सरकवलं. "श पण बघ," ती म्हणाली. श लाही त्याचा देठ मिळाला होता.

संध्याकाळी पडवीत बसून आम्ही चाळीस लेबलं कापली. कात्री काकीकडे, डिंक माझ्याकडे. एका बाटलीवर मी लेबल तिरकं चिकटवलं, ते तिने ओलं असतानाच सोडवून सरळ केलं.